नगराध्यक्ष घर देऊ शकतो काय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या नोव्हेंबर महिन्यात, म्हणजे २०२५ साली, वर्धा शहरात नगरपरिषदेच्या निवडणुकीची धामधूम चालू होती. आपल्या महाविद्यालयासमोरूनही दिवसातून दहादा ध्वनिक्षेपकाच्या गाड्या जात. सर वर्गात अर्थशास्त्र शिकवीत आणि खिडकीतून आश्वासने आत येत. त्यांतले एक आश्वासन जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होते : प्रत्येक गरिबाला हक्काचे घर. त्या दिवसांत एका संध्याकाळी जेवताना बाबांनी मला विचारले, "बाबू, थो नगराध्यक्ष झाला त खरंच घर देईन काय?" माझे बाबा मिस्त्री आहेत. वीस वर्षांपासून ते लोकांची घरे बांधतात. घराविषयी त्यांनी मला काही विचारावे ही माझ्या आयुष्यातील पहिलीच वेळ होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्याला हे ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. मला ठाऊक नव्हते. मी भाजी वाढून घेतली आणि गप्प बसलो. त्यानंतर दोन-तीन महिने ग्रंथालयात बसून, सरांना विचारून आणि कचेऱ्यांतून फिरून जे काही समजले ते येथे मांडतो आहे. चुकले असेल तर प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात महापौर नाही. महापौर महानगरपालिकेत असतो. आपल्याला जवळचे म्हणजे नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) येथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चालतो. गंमत अशी की नागपूरच्या महापौराला नगरसेवक निवडतात, परंतु वर्ध्याच्या नगराध्यक्षाला थेट जनता निवडते. ही पद्धत मात्र स्थिर नाही. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. मुंबईत सरकार बदलले की आपल्या मतपत्रिकेवरचा एक रकाना वाढतो नाही तर कमी होतो! त्यातच मागच्या सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे निवडणूकच झाली नाही आणि प्रशासकाने कारभार पाहिला. तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होऊन २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, ती फार दिवसांनी. लोकांच्या अपेक्षा तुंबलेल्या होत्या, म्हणून आश्वासनेही मोठी होती.

आता नगराध्यक्षाच्या हाती काय असते ते पाहू. तो सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो. कोणता विषय सभेपुढे आणायचा यावर त्याचे वजन असते. स्थायी समितीही त्याच्याच अध्यक्षतेखाली बसते. पण ठराव अमलात आणणारा असतो मुख्याधिकारी, आणि तो शासनाचा अधिकारी. पैसा? पूर्वी नगरपरिषदांना जकात मिळत असे. ती १९९९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानांचे भाडे हे किरकोळ उत्पन्न आणि बाकी शासनाचे अनुदान. जमीन? गरिबांच्या वस्त्या ज्या जमिनीवर बसल्या आहेत ती बहुधा नझूलची किंवा इतर शासकीय असते. तिचा मालक जिल्हाधिकारी, म्हणजे महसूल खाते. रेती? तीही महसूल खात्याची. म्हणजे घरासाठी जे तीन पदार्थ लागतात, पैसा, जमीन आणि रेती, त्यांपैकी एकही नगराध्यक्षाच्या तिजोरीत नाही.

मग घरकुले येतात कोठून? शहरी प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून. आपल्यासारख्या गावात तिचा जो भाग चालतो त्यात लाभार्थी स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधतो आणि त्याला केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, आणि फोटो मंजूर झाला की हप्ता. नगरपरिषद यादी करते, प्रकल्प अहवाल तयार करते, तो म्हाडामार्फत पुढे जातो. अडीच लाखांत घर होत नाही हे बाबा बोटांवर मोजून सांगतात. परंतु खरी अडचण रकमेची नाही. अडचण "स्वतःच्या जागेवर" या दोन शब्दांत आहे. ज्याच्या नावाने आखीव पत्रिका आहे, त्याला पैसे. ज्याची जागाच सरकारी आहे त्याने आधी पट्टा आणावा. म्हणजे ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, तोच रांगेच्या बाहेर.

शासनाला हे कळले नव्हते असे नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नगरविकास विभागाने निर्णय काढला की १ जानेवारी २०११ पूर्वीची, शासकीय जमिनीवरील राहण्याची अतिक्रमणे नियमानुकूल करावी, जास्तीत जास्त १५०० चौरस फुटांपर्यंत. त्याच वर्षी ग्रामीण भागासाठीही असाच निर्णय झाला. कागदावर हे फार मोठे पाऊल आहे. मात्र त्यासाठी कोणी तरी वस्तीची मोजणी करावी लागते, नकाशा काढावा लागतो, प्रत्येक कुटुंबाचा २०११ पूर्वीचा पुरावा गोळा करावा लागतो आणि ती फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलीत न्यावी लागते. माझ्या मते नगराध्यक्षाचे खरे काम येथेच आहे. घर देणे त्याच्या हाती नाही, पण फाइल चालवणे आहे. ठराव घेणे, मोजणीची फी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात धरणे, वस्तीतच शिबिर लावून कागद गोळा करणे, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी दर आठवड्याला जाणे. हे काम दिसत नाही. त्याचे उद्घाटन करता येत नाही, त्यावर फलक लावता येत नाही. म्हणून कोणत्याही गाडीवरून मी "आम्ही मोजणी करून देऊ" अशी घोषणा ऐकली नाही.

दुसरे एक हत्यार म्हणजे शहराचा विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे आराखड्यात शाळा, बगीचा, बाजार, दुर्बल घटकांची घरे यांसाठी जागा राखून ठेवता येतात. पण दहा वर्षांत ती जागा नगरपरिषदेने घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि मुदतीत पावले उचलली नाहीत की आरक्षण उठते. जागा मोकळी होते आणि तेथे लेआऊट पडते. मोठ्या शहरांत मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने वीस टक्के घरे लहान आकाराची काढावी असा नियम आहे. तो दहा लाखांवर वस्तीच्या महानगरांसाठी. २०११ च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती आणि हिंगणघाटचीही जवळपास तेवढीच. आपल्याकडे तो नियम येण्याचे कारणच नाही. तेव्हा आरक्षित जागा कोणत्या, त्यांची दहा वर्षे केव्हा भरतात, एवढी एक तारीखवार यादी जरी नव्या सभागृहाने नगरपरिषदेच्या दारावर लावली तरी शहरावर मोठे उपकार होतील.

येथवर लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की बाबांच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळतच नाही. कारण आम्ही वर्धा शहराचे मतदारच नाही.

वर्ध्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. हे शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते वाढले, पण हद्दीच्या आत नव्हे. सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही नावे घ्या. दवाखाने, महाविद्यालये, नवी लेआऊट, भाड्याच्या खोल्या सगळे तिकडे. माणूस वर्ध्यात काम करतो, वर्ध्यात भाजी विकतो, वर्ध्याच्या रस्त्याची धूळ खातो आणि रात्री ग्रामपंचायतीत झोपायला जातो. आमचे घर अशाच एका ग्रामपंचायतीत, सरकारी जमिनीवर, टिनाच्या छताचे. नगराध्यक्ष आमच्यासाठी शेजारच्या गावचा पाटील! आमच्याकडे सरपंच, आणि ग्रामीण आवास योजना. तिची रक्कम एक लाख वीस हजार. राज्याने २०२५ मध्ये त्यात पन्नास हजारांची भर घातली ही चांगली गोष्ट झाली. तरीही रस्त्याच्या या बाजूला एक रक्कम आणि त्या बाजूला दुसरी. सिमेंटच्या पोत्याचा भाव मात्र दोन्ही बाजूंना सारखाच. रेतीसाठी २०२५ च्या नव्या धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत विनामूल्य देण्याची तरतूद आहे, परंतु घरकुलच नाही तर रेती कशावर टाकायची?

आता थोडे घरचे सांगतो, कारण मुद्दा त्याशिवाय स्पष्ट होत नाही. मी अकरावीत असताना आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या वॉर्डातील जागा महिलांसाठी राखीव होती. आई बचत गटाची हिशेब ठेवणारी. तिचे शिक्षण सातवीपर्यंत, पण तिचा हिशेब कधी एका रुपयाने चुकला नाही. गटातल्या बायकांनी ठरवले की हिलाच उभे करायचे. नळ, नाली आणि घराचे पट्टे, एवढाच त्यांचा जाहीरनामा. अर्ज आणायला गेल्यावर एका जाणत्या माणसाने तिला समजावले, "बाई, तुमचं घर सरकारी जागेवर आहे. निवडून आल्या तरी तक्रार होईन अन् पद जाईन." आई घरी आली आणि चुलीपुढे बसली. "ज्या घरासाठी उभी राहात होती, त्याच घरानं आडवलं," एवढेच ती बोलली. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही.

तो माणूस खोटे बोलत नव्हता. ग्रामपंचायत अधिनियमाच्या चौदाव्या कलमाप्रमाणे शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील महाराष्ट्रातीलच एका निकालात असे धरले की अतिक्रमण घरातल्या दुसऱ्याने केलेले असले तरी त्यात राहून लाभ घेणारा त्यातून सुटत नाही. नगरपरिषदेच्या अधिनियमातही अनधिकृत बांधकाम स्वतः केले, पती-पत्नीने केले वा अवलंबिताने केले तरी नगरसेवकाचे पद जाऊ शकते. कायद्याचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. सरपंच होऊन गावठाण गिळणारे लोक आहेत, आणि त्यांना आवर घालायलाच पाहिजे. पण गावाच्या चौकात दुकानांची चाळ बांधणारा आणि वीस बाय पंधराच्या टिनाखाली चार लेकरे वाढवणारी बाई यांना एकच शब्द लावला आहे, अतिक्रमणधारक. एका हाताने शासन म्हणते की २०११ पूर्वीची घरे नियमानुकूल करू. आणि ती होईपर्यंत दुसऱ्या हाताने त्या घरातल्या माणसाला सभागृहाबाहेर ठेवते. मग त्या वस्तीचा प्रश्न सभागृहात मांडणार कोण? ज्याचे घर पक्के आहे तो. तो मांडेलही, नाही असे नाही. पण त्याला रात्री पाऊस आल्यावर उठून भांडी लावावी लागत नाहीत.

परदेशात काय घडते हेही पाहणे उपयोगी ठरेल. राज्यशास्त्राच्या तासाला न्यूयॉर्कचे उदाहरण निघाले होते. नोव्हेंबर २०२५ मध्येच, म्हणजे आपल्याकडे गाड्या फिरत होत्या त्याच दिवसांत, तेथे झोहरान ममदानी हे तरुण गृहस्थ महापौर म्हणून निवडून आले. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे ते चिरंजीव. त्यांच्या प्रचाराचा मध्यबिंदू घरभाडे हाच होता. त्या शहरात सुमारे दहा लाख घरांचे भाडे एक मंडळ ठरवते आणि त्या मंडळाचे सभासद महापौर नेमतो. म्हणून "भाडे गोठवीन" हे आश्वासन निदान त्याच्या अधिकाराच्या परिघात तरी येते. त्याहून जुने उदाहरण व्हिएन्नाचे. पहिल्या महायुद्धानंतर त्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला. बंगलेवाल्याला भारी, कामगाराला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. पण व्हिएन्ना १९२२ पासून शहर असून स्वतंत्र राज्यही होते, त्यामुळे तिला असा कर लावता आला. आपल्या नगराध्यक्षाने असा कर लावतो म्हटले तर मुख्याधिकारी साहेब त्यांना चहा पाजून घरी पाठवतील.

म्हणून मला परदेशापेक्षा सोलापूरचे उदाहरण जवळचे वाटते. तेथे महापौर नव्हता, होत्या त्या विडी वळणाऱ्या बाया. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढली आणि कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ मध्ये तिचा सोहळा झाला. त्यानंतर रे नगर. तीस हजार घरांची योजना, त्यांतली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. विचाराने अगदी विरुद्ध बाजूंची सरकारे, पण दोघांकडूनही काम करून घेतले ते संघटनेने. संस्थेच्या नावाने जमीन, म्हणून पट्ट्याची अडचण नाही. अर्थात कुंभारी शहराबाहेर आहे आणि कामाला जायचे तर बसभाडे खिशातूनच जाते. तोही एक खर्च आहे, तो कोणी घराच्या किमतीत धरत नाही.

आणि आपल्याच वर्ध्याला या बाबतीत वारसा नाही काय? गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. पुढे तेच सेवाग्राम. तेथील कुट्या आसपास मिळणाऱ्या माती-बांबूच्या, गावच्याच कारागिरांनी बांधलेल्या. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगांचा विचार मांडला. गावात खर्च झालेला रुपया गावातल्या हातांत किती वेळ फिरतो, हा त्यांचा प्रश्न. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी सुरू केलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र दत्तपूरला आहे. रासेयोच्या शिबिरातून आम्ही तेथे गेलो होतो. कुंभाराच्या चाकावर केलेली, शंकूच्या आकाराची भाजलेली नळी एकात एक गुंतवून कमान करतात आणि अशा कमानी शेजारी शेजारी लावून वरून लिंपतात. लोखंड नाही, लाकूड नाही, आणि छत तयार. खाली उभे राहिलो तर भर दुपारी गारवा होता. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितले. बाबांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "माकडं आली त?" मी म्हटले, वरून लिंपलेले असते, कवेलूसारखे फुटत नाही. तेव्हा ते म्हणाले, "चांगलं असन. पन पोरीले पाहाले येनारे स्लॅब हाये का इचारतात." यावर कुमारप्पांच्या ग्रंथातही उत्तर सापडेल असे मला वाटत नाही.

तरी हा विषय सोडून देण्यासारखा नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातून सुरू झाला, सिंदी (रेल्वे) येथे ड्राय पोर्टची योजना आहे, वर्धा ते कळंब रेल्वे फेब्रुवारी २०२४ पासून धावू लागली. याला विकास म्हणतात आणि तो आहेही. परंतु रस्ता आला की आधी प्लॉटचे फलक लागतात आणि मग मजूर आणखी एक किलोमीटर दूर सरकतो. घरकुलाचे लाखो रुपये जर जिल्ह्यातल्याच वीटभट्टीला, कुंभाराला आणि मिस्त्रीला मिळाले तर ते येथेच फिरतील. नगरपरिषद आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र बसून निदान एवढे ठरवू शकतात. हद्दवाढ होईल तेव्हा होईल. तो निर्णय मुंबईचा. एकत्र बसायला मुंबईची परवानगी लागत नाही.

मतमोजणीच्या दिवशी, २१ डिसेंबरला, गुलाल उडाला तेव्हा बाबा शहरात कामावर होते. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्यावर सिमेंट होते आणि खांद्यावर थोडा गुलालही. मी त्यांना वरचे सारे थोडक्यात सांगितले. ते म्हणाले, "म्हनजे थो देऊ नाही शकत, पन कागद सरकवू शकते." मी म्हटले, हो, आणि आपला कागद त्याच्याकडे नाहीच, आपला सरपंचाकडे आहे. त्यांनी मान हलवली.

त्या आठवड्यात आईने लोखंडी पेटी उघडली. २०११ पूर्वीचा पुरावा पाहिजे होता. माझी अंगणवाडीची नोंद सापडली, पण त्यावर पत्ता नव्हता. शेवटी २००९ चे विजेचे बिल निघाले, घडीवर फाटलेले, नाव मात्र वाचता येत होते. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले. बचत गटातल्या इतर बायांचीही बिले आणि कर पावत्या ती गोळा करते आहे. आतापर्यंत सतरा घरांची झाली. मोजणीचा अर्ज मी लिहून दिला आहे, आणि येत्या सोमवारी त्या सगळ्या मिळून तो द्यायला जाणार आहेत. निवडणुकीला ती पुन्हा उभी राहणार काय, हे मी अजून तिला विचारलेले नाही. मला स्वतःला उभे राहायचे तर वयाची एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणजे अजून दोन वर्षे अवकाश आहे.